समूने हात वर केला नव्हता

निहार, इरा,

आज जे लिहायला बसले आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, मिलिंदमामाला नाही, वैशालीमामीला तर नाहीच नाही. तुमचे आजोबा असते तर निदान त्यांना सांगितलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत आले. तेही खोटं आहे. त्यांनाही सांगितलं नसतं.

दुपार आहे. भांडी घासून पालथी घातली आहेत, ओटा पुसला आहे. मिलिंद बँकेत गेला आहे. समू आतल्या खोलीत गोळी घेऊन झोपली आहे आणि वैशाली रजा टाकून तिच्या उशाशी बसली आहे. तुम्ही मला नेहमी हसता — आजीच्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा इंग्रजीत चिठ्ठ्या, आजीचा रविवारचा फोन घड्याळ लावावं असा. मला वाटलं होतं हेसुद्धा तसंच सांगता येईल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. पण तसं ते येत नाही. मी दोनदा कागद फाडला.

समूच्या दातांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. म्हणजे — एक गोष्ट माहीत आहे. समूचे पुढचे दात फार बाहेर होते, म्हणून वाशीमच्या एका डॉक्टरकडे तिला तारा लावल्या. त्या डॉक्टरने जबरदस्ती केली. ती इतकी भ्याली की पुढे कुणाला तोंडात बघूच देईना, म्हणून अकोल्याला नेऊन, भूल देऊन त्या तारा काढाव्या लागल्या. ही गोष्ट तुम्हाला मीच फोनवर सांगितली. यातलं मधलं वाक्य खोटं आहे.

डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. त्या नावावर आम्ही पुरेसा चिखल उडवला आहे.

तुम्ही समूला सुट्टीत बघता, पंधरा दिवस. तेवढ्यात तुम्हाला तिचं न बोलणं कळतं, कान झाकणं कळतं, एकच निळी वाटी लागते हे कळतं. पण तिच्याबरोबर रोज राहणं म्हणजे काय, ते पंधरा दिवसांत कळत नाही. त्या वेळी ती बारा वर्षांची होती. दात इतके पुढे की ओठ मिटत नसत, तोंड कोरडं पडायचं, खालचा ओठ दाताखाली येऊन सारखा सोललेला. वैशालीला तारा हव्या होत्या त्या या ओठासाठी. रोज रात्री ती त्याला साजूक तूप लावायची. आणि मला? मीही ओठाचंच नाव घ्यायचे. पण खरं सांगू? मला फोटोत तिचं तोंड मिटलेलं हवं होतं. विहारात, लग्नात, बायका आधी तिच्या दातांकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. मी या शहरात इतकी वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. माझ्याकडे त्या नजरेने बघायची कुणाला सवय नव्हती.

डॉक्टर तरुण होते. पहिल्याच दिवशी त्यांनी वैशालीला सांगितलं, "वहिनी, घाई केली तर हे होणार नाही. सावकाश केलं तर होईल." आणि खरोखर, कित्येक आठवडे त्यांनी समूच्या दाताला हातही लावला नाही. आधी नुसतं खुर्चीत बसायचं आणि घरी यायचं. मग खुर्ची वर-खाली करून बघायची. मग डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून काळा चष्मा. मग तोच छोटा आरसा घरी दिला, तिने तो चमच्यासारखा चाटून पाहिला. हातमोज्यांचा वास तिला चालत नव्हता, तर ते आधी धुऊन घ्यायचे. मी शाळेत आयुष्य काढलं, पण इतका धीर मी कुणा शिक्षकात पाहिला नाही. माझ्यातही नाही.

त्यांनी एक नियम केला. समूने डावा हात वर केला की थांबायचं. लगेच. काम अर्धं असलं तरी, बाहेर कुणी खोळंबलं असलं तरी. "एकदाही फसवायचं नाही," ते म्हणाले. "एकदा फसवलं तर तो हात परत कधी वर होणार नाही."

वैशालीने तो नियम घरी आणला. दात घासताना हात वर — ब्रश बाहेर. केस विंचरताना हात वर — फणी खाली. आणि मग काय झालं, समूला कळलं की हे सगळीकडे चालतं! मिक्सर लावला, हात वर. टीव्हीवर बातम्यांत भांडण सुरू झालं, हात वर. मी कुणाला इंग्रजी शिकवत बसले, हात वर. कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती ओट्यापुढे हात वर करून उभी राहिली आणि कुकर ऐकेना म्हणून त्याच्याकडे असं बघितलं, की वैशाली हसून हसून खाली बसली. "कुकरले नियम माहीत नाही बाप्पा," ती म्हणाली. मिलिंद म्हणायचा, "आपल्या घरात कलेक्टर आहे. हात वर झाला की सगळं कामकाज बंद."

बारा वर्षांत पहिल्यांदा समू आम्हाला काही सांगत होती. नको. बस. थांबा. बाकीचे शब्द तिच्याकडे नव्हते, पण हा एक होता, आणि घरातलं प्रत्येक माणूस तो ऐकत होतं.

मला तो आवडत नव्हता.

हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. पण तसंच होतं. एका पोरीच्या हातावर घर चालतं, स्वैपाक थांबतो, जेवताना माझं बोलणं मध्येच तुटतं. एका पौर्णिमेला विहारात वंदना चालू होती, भोंग्याचा आवाज मोठा होता. समूने हात वर केला. वैशाली एका क्षणाचाही विचार न करता उठली आणि सगळ्यांच्या मधून तिला घेऊन बाहेर गेली. मी मात्र बसून राहिले. मागून कुणीतरी हळू म्हणालं, "बाईंच्याच घरचं पोर शिस्तीत नाही." मी वळून पाहिलं नाही. ते वाक्य मी किती दिवस जवळ बाळगलं!

माझी स्वतःची एक गोष्ट समूबरोबर होती, नियमाच्याही आधीची. हाताची घडी. तुमच्या आईला विचारा, तिच्या वर्गातल्या सगळ्यांना अजून माझा तो आवाज आठवत असेल. समू चार-पाच वर्षांची असताना तिला एका जागी बसवत नव्हतं, संध्याकाळी मी तिला दिवाणावर माझ्याशेजारी घ्यायचे आणि म्हणायचे, "समू, हाताची घडी." ती दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून घ्यायची. तिला ते आवळणं आवडायचं, तिचं डोलणं थांबायचं, श्वास संथ व्हायचा. मी "शाब्बास" म्हटलं की घडी सुटायची. आणि "शाब्बास" म्हटलं नाही तर? तर सुटायची नाही. एकदा मी शेजारणीशी बोलण्यात विसरून गेले, तर पोर तशीच बसलेली, मुंग्या आलेले हात घेऊन. समूचे नियम असेच असतात. तिच्या नियमात फट नसते. हे मला माहीत होतं. सगळ्यांत चांगलं मला माहीत होतं.

वैशालीला ही आमची गंमत वाटायची. नातवंडाला आजी गोष्ट सांगते, तशी आमची घडी.

मी हे अजून लांबवते आहे. येते तिथे.

वरच्या दातांना कड्या आणि तार बसून काही महिने झाले होते. मागच्या दाढेवरची एक कडी निघाली होती, ती परत चिकटवायची होती. त्या दिवशी वैशालीला कार्यालयाच्या कामाने मंगरूळपीरला जावं लागलं. तिने तारीख बदलते म्हटलं. मी म्हटलं, कशाला? मी घेऊन जाते. निघताना ती दारात परत फिरून म्हणाली, "आई, हात वर केला का थांबा म्हनजा बरं. डाक्टर ऐकते, पन तुमी बी लक्ष ठेवजा."

"मला समजतं, वैशाली," मी म्हटलं. मी त्या स्वरात म्हटलं, जो तिला गप्प करतो.

दवाखाना भरलेला होता. ऊन होतं, पंखा नुसता गरगरत होता. बाकड्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, आपल्या सासूला घेऊन आलेली. उठून पाया पडली. "बाई, तुमी अजून तशाच!" मला बरं वाटलं. मग आमचा नंबर लागला आणि आतलं दार गरमीमुळे अर्धं उघडंच राहिलं.

ते काम असं असतं की दाढ कोरडी करून, चिकटवायचा मसाला लावून, कडी बसवून, तो घट्ट व्हायला दिव्याचा उजेड देईपर्यंत मध्ये थांबता येत नाही. थांबलं की थुंकी लागते आणि पहिल्यापासून सुरू. समूने हात वर केला. डॉक्टर थांबले. पुन्हा कोरडं केलं, पुन्हा मसाला, पुन्हा हात वर. पुन्हा थांबले. मग पुन्हा. त्यांच्या तोंडावर मास्क होता, पण त्यांचा आवाज एकदाही बदलला नाही. "ठीक आहे समू. थांबलो." दर वेळी तेच, तेवढ्याच हळू.

बाहेरून आवाज आला, "काय करून राह्यले आतमंधी? आमी सकायपासून बसून आहो!" दुसरी कुणी म्हणाली, "थे पोरगी तशी आहे नं. बसूच देत नसन." आणि माझी विद्यार्थिनी — ती काही वाईट म्हणाली नाही. ती मला वाचवायला म्हणाली, "थांबा हो, बाईंची नात आहे, बाई करतीन तिले बरोबर."

बाई करतील तिला बरोबर.

डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "आजी, आज राहू देऊ. कडी नसली तरी महिनाभर काही बिघडत नाही. ती दमली आहे." ते पुढच्या माणसासाठी नवे मोजे घ्यायला मागच्या कपाटाकडे वळले. पाठ माझ्याकडे होती.

मी समूच्या कानाशी वाकले आणि हळू म्हटलं, "समू, हाताची घडी."

तिने घातली. तिला काय, मी सांगितलं आणि तिने घातली. काळ्या चष्म्याच्या कडेतून तिचे डोळे मला दिसत होते, कारण मी बाजूला उभी होते. ती माझ्याकडे बघत होती. मग मी डॉक्टरांना म्हटलं, "बघा, झाली तयार. करून टाका."

ते वळले. त्यांनी पाहिलं — मुलगी शांत, हात छातीशी. त्यांनी विचारलंसुद्धा. "समू, करू? नको असेल तर हात." ते थांबले, वाट पाहिली. हात वर झाला नाही. होणार कसा? मी "शाब्बास" म्हटलेलं नव्हतं.

गाल मागे ओढून धरायला प्लास्टिकचं एक साधन असतं. ते लावताना तिच्या गालाचा आतला भाग तारेच्या टोकात अडकला. डॉक्टरांना ते दिसणं शक्य नव्हतं, ते दाढेवर वाकले होते आणि एक डोळा तिच्या हातावर ठेवून होते. मला तरी आत काय झालं ते कुठे दिसलं? पण बाकी सगळं दिसलं. तिच्या पायांचे अंगठे चपलेत वाकले. पाणी चष्म्याखालून निघून कानांत गेलं. आणि तिची बोटं — ती आपल्याच दंडात रुतत होती, नखं आत जाईपर्यंत. घडी सुटू नये म्हणून. तिचा हात वर यायला बघत होता आणि तिनेच तो धरून ठेवला होता. मी सांगितलं होतं म्हणून.

मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी स्वतःला कितीदा पटवून पाहिलं! पण मी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत आयुष्य काढलं आहे. मला कळत होतं. एक शब्द म्हणायचा होता. तो मी काम संपेपर्यंत म्हटला नाही.

"वा, समू! एकदाही हात नाही!" डॉक्टर इतके खूश झाले. बाहेर आल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, "म्हटलं नव्हतं? बाई आहेत त्या." रिक्षात समूने माझ्याकडे पाहिलं नाही. मी ताठ बसले होते. मला — हेही लिहायला हवं — मला अभिमान वाटत होता.

संध्याकाळी तिने निळी वाटी सरकवून दिली. दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही. दातांवर दात इतके दाबून धरले होते तिने, की चिकटवलेली कडी निसटली आणि तारेचं टोक गालात घुसून राहिलं. पण तिने हात वर केला नाही. वैशालीने विचारलं, गालाला हात लावला, आरसा दाखवला. हात खालीच. शेवटी तिने बळेच तोंड उघडवून पाहिलं तेव्हा आत जखम पिकली होती. आंघोळ घालताना तिला दंडावरच्या खुणा दिसल्या. नखांच्या, चंद्रकोरीसारख्या, दोन्ही दंडांवर.

ती ओल्या हातांनी बाहेर आली. "आई, डाक्टरनं हात धरले काय हिचे?"

मी मेथी निवडत होते. आता विचार करा, त्या वेळी काय अवघड होतं? मी म्हटलं असतं, वैशाली, माझं चुकलं, मी घडी घालायला सांगितली. ती ओरडली असती, रडली असती, चार दिवस बोलली नसती. आणि मग डॉक्टरांनी नवी सुरुवात केली असती — खुर्चीत नुसतं बसण्यापासून. समूला परत शिकवता आलं असतं. त्या दिवशी ते अजून शक्य होतं.

मी म्हटलं, "मला तिथून नीट दिसत नव्हतं."

वैशाली तशीच गेली, समूला घेऊन. मीही गेले, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. समू दवाखान्याच्या पायरीवरच आडवी झाली आणि चौकटीवर डोकं आपटायला लागली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर धावत आले. वैशाली सगळ्या बाकड्यांपुढे ओरडली, "तुमी म्हनले होते फसवनार नाही! पोरीचे हात धरले तुमी! दंड पाहा तिचे!"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, मी तिला हात लावला नाही. तिनं हात वर केलाच नाही. मी विचारलं होतं तिला." मग ते माझ्याकडे वळले. विश्वासाने वळले. आपला साक्षीदार शेजारीच उभा आहे, असं माणूस ज्या चेहऱ्याने वळतं, तसे. "आजी तिथंच होत्या. आजी, तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. या शहरात मी बोलले की ते खरं असतं. कितीतरी भांडणं माझ्या एका शब्दावर मिटली आहेत.

मी म्हटलं, "केला होता तिने हात वर. तुम्ही थांबला नाहीत."

मला वाटलं होतं डॉक्टर चिडतील, मला खोटारडी म्हणतील. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा झाला, की ते स्वतःलाच तपासत आहेत — खरंच केला होता का? मला दिसला नाही का? मी त्यांना त्यांच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली. माझ्या खोट्यातला हा भाग मला सर्वांत जास्त आठवतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अकोला, भूल, तारा निघाल्या. दात पुन्हा होते तिथे गेले.

निहार, तू तेव्हा फार चिडला होतास. तुला समूसाठी काहीतरी करायचं होतं. इतक्या लांबून काय करणार? तू त्या दवाखान्याला इंटरनेटवर पाचपैकी एकच तारा दिलास आणि खाली एक परिच्छेद लिहिलास, आणि मला आधी पाठवलास, आजी, इंग्रजी बघून दे. मी बघून दिलं. तू ‘रफ’ लिहिलं होतंस. मी तो शब्द खोडून ‘ब्रूटल’ सुचवला. अल्पविरामही नीट केले. तू भाबडेपणाने लिहिलंस. मी सगळं माहीत असून लिहिलं. तो परिच्छेद अजून तिथे आहे. मी अधूनमधून जाऊन बघते.

त्यानंतर वर्षभराने मंगरूळपीरच्या स्टँडवर एक बाई भेटली. तिच्या कडेला तिचं लेकरू होतं, आपल्या समूसारखंच, हात हलवत, डोलत. तिने मला ओळखलं. "मॅडम, तुमच्या नातीचं आयकलं आमी. आमाले बी त्याच डाक्टरकडं न्याचं होतं. आता नाही नेत बाप्पा. मारते म्हनतेत थो लेकरायले." मी काय करायला हवं होतं? तिची बस लागायची होती, वेळ भरपूर होता. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा." आणि वर्तमानपत्र उघडलं. डॉक्टरांनी अशी मुलं घेणं आता बंद केलं आहे, असं मिलिंद सांगत होता. या बाजूला दुसरं कुणी नाही. आपल्याकडचं मालेगाव, मंगरूळपीर, सगळ्यांना अकोल्याला जावं लागतं, आणि जे जाऊ शकत नाहीत ते जात नाहीत.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि मला वसतिगृहात ठेवताना म्हणाले होते, ताठ बस, कुणाला बोट दाखवायला जागा देऊ नकोस. मी तशी बसले. शिकले, इंग्रजीत एम. ए. झाले, पुढे मुलींना तसंच बसवलं. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. वडिलांनी मला ताठ बसायला सांगितलं होतं. खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

आता या आठवड्याचं. समू सोळा वर्षांची आहे. रविवारी पाहुणे आले होते, ती बाहेरच्या खोलीत तासभर घडी घालून बसली. पाहुण्या बाई म्हणाल्या, "किती शांत झाली हो आता!" काल वैशालीने केस बांधताना तिच्या गालाला हात लावला तर गाल तापलेला. मागची दाढ आतून पोखरली आहे, पू झाला आहे. किती दिवसांपासून, कुणाला माहीत? हल्ली दुखलं की समू घडी घालते. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. रविवारी तिला तसं बसलेलं मीही पाहिलं होतं. पाहुण्यांपुढे मी "शाब्बास" म्हटलं नाही, आणि काय दुखतंय हेही विचारलं नाही.

वैशाली काल ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "सांगत काहून नाही हे मले? आधी तं हात वर करे. माह्यंच काही चुकलं असन." चार वर्षं ती असं समजत आली आहे. मी पाणी प्यायले आणि बाहेर आले.

उद्या सकाळी मिलिंद आणि वैशाली समूला घेऊन अकोल्याला निघतील. हे लिहून झालं की मी आत जाणार आहे आणि वैशालीला वाचून दाखवणार आहे. तिला इथल्या इथे, तोंडावर. नंतर त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाईन. बाकड्यांवर माणसं असतील अशा वेळी जाईन, कारण त्या दिवशीही होती. त्या दोघांनंतर, तिसऱ्या क्रमाने हे तुमच्याकडे येईल. तुम्ही काय म्हणाल, रविवारी फोन उचलाल की नाही, ते तुमचं आहे.

समूला मात्र यातलं काही वाचून दाखवायला नको. ती तिथेच होती.

आजी